‘सर’ : दोन अक्षरांची गोष्ट

(मुकुंदवाडी येथे शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत एका खेड्यातील शाळामास्तरांनी केलेले भाषण.)



मी पंडित नव्हे. मराठीतून अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि खेड्यातल्या शाळेत पोरांना बाराखडी शिकवीत इतकी वर्षे काढली, एवढीच माझी कमाई. तेव्हा शास्त्रार्थ ऐकायला मिळेल या आशेने कोणी आले असेल तर त्याची निराशा होईल. मी आज फक्त दोन अक्षरांबद्दल बोलणार आहे. ती अक्षरे म्हणजे ‘स’ आणि ‘र’. शब्द झाला ‘सर’. माझ्या शाळेतली पोरे मला याच नावाने हाका मारतात. माझ्या आजोबांच्या वेळी पंतोजी म्हणत, वडिलांच्या वेळी मास्तर म्हणत, आता सर म्हणतात. नाव बदलले, पगाराची वाट पाहणे काही बदलले नाही.

एके दिवशी वर्गात मी फळ्यावर ‘सर’ एवढेच लिहिले आणि मुलांना सांगितले, या शब्दाचे एकेक वाक्य करा. शेतकऱ्याच्या पोराने लिहिले, “दुपारी पावसाची सर आली.” सोनाराच्या मुलीने लिहिले, “आजीच्या गळ्यात मोत्यांचा सर आहे.” बैलांचा षोक असलेल्या घरचा एक पोरगा, त्याने लिहिले, “आमच्या ढवळ्याची सर कोणाला येणार नाही.” एकाने लिहिले, “तानाजीने गड सर केला.” शेळ्या राखणाऱ्या पोरीने लिहिले, “ए, बाजूला सर.” मागच्या रांगेत मोलमजुरी करणाऱ्या बाईचा मुलगा बसतो. त्याने लिहिले, “आमच्या घरचे पीठ सरले.” आणि एक खोडकर उभा राहून म्हणाला, “सर, मी पाणी प्यायला जाऊ का?”

मंडळी, सात पोरांनी सात वाक्ये केली आणि एकही चुकले नाही. ज्याच्या घरात जे होते ते त्याच्या शब्दात आले. कोणाच्या घरात पाऊस, कोणाच्या घरात मोती, तर कोणाच्या घरात रिकामा डबा.

त्या दिवशी शुद्ध भाषेचे अभिमानी असे एक गृहस्थ शाळा पाहण्यास आले होते. त्यांनी फळ्याकडे पाहून नाक मुरडले. म्हणाले, “मास्तर, मुलांना हे काय शिकवता? ‘सर’ हा यावनी शब्द, दुसरा ‘सर’ हा आंग्ल शब्द. गडही सर करू नका, जिंका. सरकार म्हणू नका, शासन म्हणा. खेड्यातल्या लोकांनी भाषा बाटवली.” दाराशी पोराला न्यायला आलेली एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, “अहो बाबा, पाण्याने माणूस बाटतो म्हणून आम्हाला ऐकवत होते. आता तोंडातला शब्दही बाटतो का?”

गृहस्थ गप्प झाले, पण माझी झोप उडाली. म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर शोधलेच पाहिजे असे मला वाटले. मी कोश चाळले. मोल्सवर्थसाहेबाचा मराठी कोश 1831 साली निघाला आणि त्याची वाढवलेली आवृत्ती 1857 साली निघाली. आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडचे शब्द त्या परक्याने इमानाने टिपून ठेवले आहेत. तो पाहिला, इतर पुस्तके पाहिली, जाणत्यांना विचारले. जे हाती लागले ते आपल्यापुढे मांडतो.

प्रथम घरचे ‘सर’ घेऊ. पावसाची ती सर, मोत्यांचा तो सर. अक्षरे तीच, पण एक बाईमाणूस आणि एक बाप्या. ‘बाजूला सर’ आणि ‘पीठ सरले’ यांचे मूळ जुने आहे. संस्कृतात ‘सृ’ म्हणजे जाणे, वाहणे. जे पुढे जाते ते सरते, आणि जाता जाता संपते तेही सरते. सरिता म्हणजे नदी ती याच कुळातली. ‘सरस्’ म्हणजे तळे. अमृतसर या गावाच्या नावात तेच तळे आहे. हे सगळे ‘सर’ आपल्याच मातीतले.

आता दुसरे घर पाहू. फारसी भाषेत ‘सर’ म्हणजे डोके. हा शब्द आपल्याकडे कसा आला हे इथल्या माणसाला सांगावे लागू नये. देवगिरीचा किल्ला इथून हाकेच्या अंतरावर आहे. तिथले यादवांचे राज्य चौदाव्या शतकाच्या आरंभी बुडाले. 1327 साली महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी त्याच दौलताबादेस आणली. 1610 साली मलिक अंबराने खडकी वसवली, तेच पुढे औरंगाबाद झाले, आणि आता छत्रपती संभाजीनगर. मोगल आले, मग निजाम आला, तो 1948 सालच्या सप्टेंबरात गेला. इतकी शतके दरबार फारसी बोलला. निजामाच्या राज्यात फारसी जाऊन उर्दू आली ती 1884 साली. मग शेतसारा भरणाऱ्याच्या तोंडी दरबारचे शब्द येणार नाहीत तर काय होईल?

म्हणून डोक्याचा हा ‘सर’ आपल्या गावात जागोजाग बसला आहे. सरदार म्हणजे ज्याच्या हाती प्रमुखपण आहे तो. सरहद्द म्हणजे हद्दीचे टोक. सरकार म्हणजे ‘सर’ आणि ‘कार’, म्हणजे कामाचा प्रमुख. लक्षात ठेवा, शब्दात काम आहे, नुसते डोके नाही. काम न करता नुसते डोके वर काढून बसणाऱ्याला सरकार म्हणणे हा शब्दाचाच अपमान आहे. ‘गड सर केला’ हाही तिथलाच. उर्दूत आजही मोहीम ‘सर’ करतात. 1670 साली मावळ्यांनी कोंढाणा घेतला. ती फत्ते सांगताना आपण फारसी शब्द वापरतो, म्हणून ती फत्ते काही कमी मराठी होत नाही.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या काळात दरबारी शब्द बदलण्याचा यत्न केला. सरनोबताचा सेनापती झाला. 1677 च्या सुमारास रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश तयार केला. स्वतःच्या राज्याचा कारभार स्वतःच्या भाषेत चालावा ही इच्छा रास्तच होती. पण शब्द हे घोड्यासारखे असतात. ज्याला रोज खरारा करतो, दाणापाणी देतो, तोच आपला होतो. सरदार राहिले, सरंजाम राहिला. 1719 साली शाहू महाराजांना दिल्लीच्या बादशहाकडून सनदा मिळाल्या त्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या. आता हा ‘सरदेशमुख’ पाहा. ‘सर’ फारसी, ‘देश’ संस्कृत, ‘मुख’ संस्कृत. आणि आपला ‘सरपंच’? ‘सर’ फारसी, ‘पंच’ आपला. या दोघांचे लग्न कोणत्या भटजीने लावले, मुहूर्त कोणी काढला, पत्रिका कोणी जुळवली, काही ठाऊक नाही. पण संसार उत्तम चालला आहे. आपण अजून पोटजातीत सोयरीक शोधतो, पोरांनी मनाने लग्न केले तर कुऱ्हाडी काढतो, आणि ज्या सरपंचापुढे तो तंटा नेतो त्या सरपंचाच्या नावातच मिश्रविवाह झालेला आहे!

पण खरी मौज पुढे आहे. फारसीतला ‘सर’ आणि संस्कृतातला ‘शिर’ हे दोन्ही डोकेच. दोन्ही एकाच फार जुन्या भाषेच्या पोटी जन्मलेले सख्खे भाऊ आहेत, असे भाषेचे शास्त्र सांगते. एक इराणात वाढला, एक हिंदुस्थानात. ‘सरकार’ मधला ‘कार’ आणि आपला ‘करणे’ हेही असेच भाऊ. म्हणजे ज्या शब्दाला त्या गृहस्थांनी यावनी म्हणून दाराबाहेर उभे केले, तो त्यांच्याच देवभाषेचा चुलता निघाला. आपल्या अडाणी म्हणवलेल्या पूर्वजांना हे शास्त्र न शिकता उमगले होते. फारसीत ‘सरपेच’ म्हणजे पागोट्यावरचा दागिना. आपल्या लोकांनी त्याचा ‘शिरपेच’ केला. ‘सरापा’ म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा मानाचा पोशाख. त्याचा ‘शिरपाव’ केला. कोणी कोश उघडला नाही, सभा भरवली नाही. सरास शिर भेटले आणि भावाने भावाला ओळखले.

आणि आणखी एक ऐका. गावात कोणी विचारू लागला, की अमक्याला देवळात पुढे का, तमक्याला मागे का, तर उत्तर मिळते, “आमच्याकडे पहिल्यापासून असा शिरस्ता आहे.” हा ‘शिरस्ता’ शब्द कोठला? फारसी ‘सररिश्ता’, म्हणजे दोऱ्याचे टोक. तोच दप्तराचा शब्द झाला, त्यातून शिरस्तेदार झाला आणि त्यातूनच आपला शिरस्ता. म्हणजे ‘पहिल्यापासून’ म्हणून ज्याची शपथ घालतात तो शब्दच बाहेरगावाहून आलेला पाहुणा! पाहुण्याला माझा विरोध नाही. पण त्याला पुढे करून गरिबाचे तोंड बंद करू नये, इतकेच माझे म्हणणे. दोऱ्याचे टोक सापडले की गुंता सोडवायचा असतो, त्याने कोणाला बांधून ठेवायचे नसते.

आता तिसरे घर, साहेबाचे. पोरे मला म्हणतात तो ‘सर’ इंग्रजीतून आला. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून घेतला. त्याच्या मुळाशी रोमी लोकांच्या लॅटिन भाषेतला ‘सेनिओर’ शब्द आहे. अर्थ काय? वयाने वडील. बस, इतकेच. त्यात मोठे घराणे नाही, जमीनजुमला नाही, जात नाही. स्पेनमधला माणूस ‘सेन्योर’ म्हणतो, इटलीतला ‘सिन्योरे’ म्हणतो, ते याच झाडाचे फळ. या लॅटिन शब्दाचे मूळ आणि संस्कृतातल्या ‘सन’ म्हणजे जुना या शब्दाचे मूळ एक आहे, आणि ‘सनातन’ हा शब्द तिथूनच निघाला. तेव्हा सनातन शब्दाचा गर्व करणाऱ्याने माझ्या पोरांच्या ‘सर’ ला परका म्हणू नये. दोघांचे आडनाव एकच आहे, आणि अर्थ म्हातारपण एवढाच आहे.

पुढे इंग्रजी राज्यात ‘सर’ ही पदवी झाली. सरकारची मर्जी बसे त्याच्या नावामागे ती लागे. रवींद्रनाथ ठाकुरांना ती 1915 साली मिळाली. 1919 साली अमृतसरास जालियनवाला बागेत निःशस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा त्यांनी ती नको म्हणून कळवले. आमच्या जोतीरावांना कोणत्या सरकारने सर केले नाही. 1888 साली मुंबईत मांडवीला कष्टकरी लोक जमले आणि त्यांनीच त्यांना महात्मा म्हटले. सरकारने दिलेली पदवी कागदावर राहते, लोकांनी दिलेली लोकांच्या तोंडी राहते. 1950 साली आपली राज्यघटना अमलात आली. तिच्या अठराव्या कलमाने अशा पदव्या देणेच राज्याला बंद केले. लष्कराचा मान आणि विद्येची पदवी यांना तेवढी सूट ठेवली.

कोणी म्हणेल, मास्तर, शब्दांच्या या गमती ठीक आहेत, पण यात आमच्या पोटापाण्याचे काय? सांगतो. इतका वेळ बोललो ते यासाठीच.

एक शेतकरी माझ्याकडे कागद घेऊन आला. पिकाचा विमा उतरला होता, कपाशी अन् तूर दोन्ही पाण्याने गेली होती, आणि पैसे मिळाले नव्हते. कागदात ‘सरासरी’ शब्द होता. तो म्हणाला, “सर, सरासरी म्हणजे सगळ्यांना ना? मग मला का नाही?” बिचाऱ्याने ‘सरसकट’ आणि ‘सरासरी’ एक समजले होते. दोन्हींची सुरुवात सारखी, दोन्ही सरकारी कागदात येणारे. पण एकात माणूस तरतो आणि दुसऱ्यात बुडतो. सरसकट म्हणजे निवड न करता एकूण एक. सरासरी म्हणजे सर्वांचे मिळवून समान वाटे करणे. फारसीत ‘सरासर’ म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. उर्दूत त्याच गोतातला ‘सरसरी’ शब्द आहे. त्याचा अर्थ उडता, वरवरचा. वरवर नजर टाकली तर ती सरसरी नजर. आमच्या मराठीत त्याच गोताचा शब्द गणितात जाऊन बसला. पण जुना अर्थ अजून त्याच्या अंगात आहे, हे त्या शेतकऱ्याला कळून चुकले.

हिशेब असा असतो. महसुली मंडळात काही शेते निवडून पीक कापून मोजतात. त्याला पीक कापणी प्रयोग म्हणतात. त्यावरून मंडळाचे सरासरी उत्पन्न निघते. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षे घेऊन त्यांची सरासरी काढतात आणि तिचा ठरावीक टक्का धरून उंबरठा उत्पन्न ठरवतात. यंदाची सरासरी उंबरठ्याच्या खाली गेली तर जितका तुटवडा तितका वाटा भरपाईचा. समजा चार शेते मोजली. एकात हेक्टरी 12 क्विंटल, दुसऱ्यात 10, तिसऱ्यात 8 आणि चौथ्यात 2 निघाले. बेरीज 32, सरासरी 8. उंबरठा 7 असेल तर कोणालाच पैसा नाही; 2 क्विंटलवाल्यालाही नाही. उंबरठा 10 असेल तर तुटवडा 2, म्हणजे विम्याच्या रकमेचा पाचवा हिस्सा सर्वांना, 12 क्विंटलवाल्यालाही. 2025 च्या खरिपात तर आपल्या राज्यात भरपाईचा मोठा भार या प्रयोगांवर ठेवला गेला. म्हणजे एका शब्दावर लाखो घरांची चूल.

पावसाचेही तेच. बातमी येते, यंदा सरासरीइतका पाऊस झाला. झाला खरा, पण कसा? महिनाभर आभाळ कोरडे आणि मग दोन सरींत सगळा. पहिल्या ओढीत बी जळाले, दुसऱ्या सरीत माती वाहिली. सरासरी मात्र शंभर टक्के. पावसाची सर शेतात पडते, सरासरी कागदावर पडते.

मी त्या शेतकऱ्याला हा हिशेब पाटीवर मांडून दाखवला. त्याचे पैसे काही मी आणून देऊ शकलो नाही. पण तो म्हणाला, “सर, आजवर मला वाटत होते की माझे नशीब फुटके. आता कळले की हिशेबाची रीत अशी आहे. रीत माणसाने केली, तर माणूस ती बदलूही शकतो.” बंधूंनो, नशिबाला हात जोडावे लागतात, रीतीला प्रश्न विचारता येतो. हा फरक ज्याला कळला तो शिकला. 1873 साली सत्यशोधक समाज काढणाऱ्यांनी हीच गोष्ट सांगितली. मधल्या दलालाशिवाय देवाशी बोला, तसेच मधल्या दलालाशिवाय कागदाशी बोला.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. पहिली, पोरांच्या घरच्या शब्दांना हसू नका. ‘पीठ सरले’ म्हणणारा पोरगा चूक बोलला नाही. त्याच्या घरचे पीठ सरले ही चूक आहे, आणि ती दुसऱ्या कोणाची तरी आहे. दुसरी, कागदावरचा जड शब्द पाहून अंगठा उठवू नका. तलाठी असो, बँकेचा बाबू असो की विम्याचा माणूस, त्याला विचारा, “दादा, या शब्दाचा अर्थ माझ्या भाषेत सांगा, मग सही करतो.” पीक कापणीचा प्रयोग आपल्या शिवारात असेल त्या दिवशी हजर राहा, वजन डोळ्यांनी पाहा. तिसरी विनंती मायभगिनींना. सरपंचाच्या निम्म्या जागा 2011 पासून आपल्या राज्यात बायकांच्या आहेत. ‘सर’ म्हणजे डोके. नावाचे डोके बाईचे आणि चालवायचे नवऱ्याने, असे होऊ देऊ नका. मुकुंदवाडी आता महापालिकेत गेली, इथे रेल्वेचे ठाणे आहे, शेजारी चिकलठाण्याचे कारखाने आहेत, सरपंच राहिला नाही. पण तुमच्या माहेरी आहे, लेकीच्या सासरी आहे. त्यांना हे सांगा.

एक सावधगिरीही सांगतो, नाहीतर उद्या पोरे मला धरतील. सर दिसला की तो डोकेच असे समजू नका. सरबत अरबी, पिण्याशी त्याचे नाते. सराफही अरबी, नाणी बदलण्याशी त्याचे नाते. कपाशीच्या सरकीचा आणि सरकारचा तर काडीचा संबंध नाही. असता तर सरकीला भाव मिळाला असता. दोन माणसे एकसारखी दिसली म्हणून भाऊ होत नाहीत आणि वेगळी दिसली म्हणून परकी होत नाहीत. शब्दाला विचारावे, बाबा तू कोठून आलास आणि इथे काय काम करतोस? कोठून आलास हे विचारायचे ते ज्ञानासाठी. पंगतीत बसवायचे ते कामावरून. माणसालाही हाच न्याय लावला तर आपल्या गावांतले निम्मे तंटे सरतील.

त्या म्हातारीला मी नंतर जाऊन उत्तर दिले. म्हटले, “आजी, पुष्कळ कोश पाहिले. शब्द बाटत नाही.” ती म्हणाली, “मला ठाऊक होते. त्या बाबाला सांगा.”

ते मी आज आपल्या सर्वांसमोर सांगितले. इतके बोलून आपली रजा घेतो.